मधमाशी, शिट्टी, आरसा आणि माझा चेहरा

"…आणि म्हणे रविवारी पत्त्यांत ती जिंकली, तर ती घर सो—"

संपलं! एवढंच! पुढचं सगळं लॉन्ड्रीवाल्याच्या घशात. कारण त्यानं मला जिन्यात बघितलं आणि तोंड असं मिटलं, असं मिटलं, की स्वतःच्या ओठांवरच इस्त्री फिरवली असावी. आणि ऐकत होती ती पहिल्या मजल्यावरची टेलरबाई, तीसुद्धा लगेच "बरं, मग चादरी उद्या द्या हं" करून आत! अहो, कसल्या चादरी? मी काय तिला आज ओळखते? आणि मला सांगा, बातमी अशी अर्धी कापून ठेवतात का कोणी? हिनं एखादीचं ब्लाउज एका बाहीचं शिवून दिलं तर चालेल का? सो— म्हणजे काय? घर सोडणार? सोडून जाणार कुठं? एकटी की नवऱ्याला घेऊन? आणि पत्त्यांत जिंकल्यावर कोण घर सोडतं हो, लोक हरल्यावर सोडतात!

आता, आपल्याला काय करायचंय! कोणाचं घर, कोणाचे पत्ते. पण तुम्हाला सांगते, हातात पिशवी घेऊन पुढचा जिना मी कशी चढले ते माझं मला माहीत. कारण "ती" म्हणजे कोण, हे नाव न घेताही मला कळलं होतं. ती म्हणजे आमची समोरची.

समोरची म्हणजे अगदी समोरची, दाराला दार. माझं दूध उतू जायला लागलं की ती तिकडून ओरडते, "काकू, गॅस!" ती कवळ्या करते. दातांच्या डॉक्टरांना लागतात ना, त्या. एका लॅबमध्ये बसून मेणात एकेक दात असा बसवते, की बघणाऱ्याला आपले काढून तिचे लावावेसे वाटतील. आमच्या ह्यांची खालची कवळी तिनंच केलीय, त्यामुळे आमच्या घरातलं निम्मं चावणं तिच्या हातचं. नवरा बेकरीवाला. पहाटे भट्टी पेटवतो, दुपारी घरी येतो तो कोपरापर्यंत पीठ घेऊन, जिन्यात त्याच्या मागोमाग पावाचा वास चढतो. दोघं इतकी गोड, इतकी गोड, की नीट भांडतसुद्धा नाहीत. इतकी वर्षं दाराला कान लावून बसलेय मी, एक भांडं आपटल्याचा आवाज नाही!

आणि ती घर सोडणार?

मी पिशवी ओट्यावर टाकली. आमचे हे पेपरात. म्हटलं, "अहो, ऐकलंत का, समोरची—"

"नाही ऐकलं," हे म्हणाले. "आणि तूही ऐकू नकोस."

असं असतं. म्हणून मग मी कात्री मागायला समोर गेले. माझ्याकडे तीन कात्र्या आहेत.

बेल वाजवली, दार उघडलं, आणि मी "अगं, जरा कात्री—" म्हणेपर्यंत तिनं माझा हात धरून मला आत ओढलं! "काकू, बरं झालं आलात! बसता का जरा? मला समोर कोणीतरी हवंय." तुम्हाला सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी आपणहून चौकशीला आत घेतलं. एरवी उंबऱ्यावर केवढे कष्ट पडतात!

आत बघते तर टेबलभर पत्ते. राजा-राणीचे नव्हे हं. चित्रांचे. राक्षस काय, विहिरी काय, उडती झाडं काय… आणि प्रत्येक पत्ता प्लॅस्टिकच्या पाकिटात, पाठीनं सगळे सारखे निळे. मी म्हटलं, "बाई गं, मला फक्त बदाम सात येतं." ती म्हणाली, "काकू, याच्यात फक्त मारायचं असतं." म्हटलं, कोणाला? तर म्हणाली, "मला."

आता हे मी तुम्हाला समजावून सांगते, मला जसं समजलं तसं. या खेळात प्रत्येकाला वीस प्राण असतात. आपण पंचप्राण ऐकले होते, इथं वीस! आणि साठ पत्त्यांचा गठ्ठा, त्याला डेक म्हणायचं, तो ज्याचा त्यानं घरून बांधून आणायचा. बाजारात हजारो पत्ते, त्यातले साठ निवडायचे, आणि एक पत्ता चारपेक्षा जास्त वेळा घ्यायचा नाही. निम्मा खेळ म्हणे तिथंच होतो, निवडण्यात. तिच्या डेकमध्ये तीन पत्ते मुख्य. मधमाशी, शिट्टी आणि आरसा. मधमाशी खाली ठेवली की समोरच्याला एक डंख, एक प्राण गेला. बस, पुढे ती काही करत नाही, बसून राहते. शिट्टी वाजवली की मधमाशी परत हातात. म्हणजे पुन्हा ठेवा, पुन्हा एक डंख. आणि आरसा खाली असला, की वाजवलेली शिट्टी परत हातात येते. झालं! आता थांबायचं कारणच काय? डंख, शिट्टी, डंख, शिट्टी… एका दमात वीसच्या वीस प्राण! समोरचा बसल्या खुर्चीत खलास! याला म्हणतात कॉम्बो.

"पण काकू," ती म्हणाली, आणि तेव्हाच मला तिच्या आवाजातलं ते पहिल्यांदा लागलं, ते काहीतरी ताणलेलं, "तिन्ही हातात येईपर्यंत माझ्याकडे काहीच नसतं. एकटी मधमाशी म्हणजे काही नाही. एकटी शिट्टी म्हणजे काही नाही. तोपर्यंत नुसता मार खायचा आणि जिवंत राहायचं."

मी म्हटलं, "मग यात नवीन काय? संसारच की."

ती हसली नाही. एरवी हसते हो ती!

माझ्या हातात तिनं दुसरा डेक दिला. लांडगे. नुसते लांडगे! पहिल्या टर्नपासून धावत सुटायचं आणि चावायचं, डोकं लावायचंच नाही. म्हणाली, "हा त्याच्यासारखा डेक आहे. तुम्ही म्हणजे तो." तो म्हणजे कोण? तो म्हणजे नवरा! रविवारी पत्त्यांची टूर्नामेंट, आणि दोघंही तिथं उतरणार, वेगवेगळे! लग्नाच्या आधीपासून दोघं हे खेळतायत, मला पत्ता नाही! इतकी वर्षं मला वाटायचं त्यांच्या घरातून रविवारी तो फडफड आवाज येतो तो कबुतरांचा. मी स्वतः जाळी बसवून घ्यायला सांगितली होती त्यांना!

तर मी लांडगे घेऊन बसले, आणि तुम्हाला सांगते, मी त्या पोरीला फाडून खाल्लं. एकदा, दोनदा, सारखं. तिच्या हातात दोन मधमाश्या आणि आरसा, शिट्टीचा पत्ता नाही, इकडे माझे लांडगे… "काकू, मेले मी." पुन्हा पिसायचे. शिट्ट्या तीन, आरसा नाही. "मेले." आणि प्रत्येक वेळी ती पत्त्यांकडे अशी बघायची, जशी ह्यांच्या कवळीकडे बघते कुठं टोचतंय म्हणून, आणि एक पत्ता काढून दुसरा घालायची. एक मार थोपवणारा काढला, एक हवा तो पत्ता शोधून आणणारा घातला. पुन्हा. पुन्हा. शेवटी एकसष्ट झाले. एक काढायचा होता. एक! तुम्हाला सांगते, माणसं घर बदलताना इतका विचार करत नाहीत तेवढा त्या एका पत्त्यासाठी. मी म्हटलं, ही छत्री काढ. छत्रीचा एकच पत्ता होता, एका टर्नमध्ये अंगावर आलेला सगळा मार अडवायचा, पण फक्त त्याच टर्नपुरता, आणि वापरली की गेली. म्हटलं, "एकदाच उघडणारी छत्री घेऊन कोण बाहेर पडतं? काढ." ती म्हणाली, "बघते."

मग मी विषयाला हात घातला. आपल्याला काय करायचंय, पण इतकं मारल्यावर विचारण्याचा हक्क बनतो. म्हटलं, "अगं, खाली लॉन्ड्रीवाला म्हणत होता, तू जिंकलीस तर म्हणे…" आणि मीही तिथंच सोडलं. अर्धी बातमी अर्धीच पुढे करावी, बाकीची समोरचा भरतो.

तिनं पत्ते खाली ठेवले. "त्याला कसं कळलं?"

म्हणजे खरं होतं!

तर झालं होतं असं. तिला दुसऱ्या शहरात मोठी लॅब मिळत होती. सगळी लॅबच तिच्या हाताखाली. आणि ह्याची भट्टी इथं. तो म्हणतो जाऊ नये, ती म्हणते जाऊ या. आणि दोघं इतकी गोड, की कोणी मोठ्यानं म्हणेचना! "तू म्हणशील तसं." "नाही, तू म्हणशील तसं." जेवताना तेच, झोपताना तेच. शेवटी तोच म्हणाला, पत्त्यांवर सोडू. टूर्नामेंटमध्ये जो पुढे जाईल त्यानं ठरवायचं, दुसऱ्यानं अवाक्षर काढायचं नाही. "काकू, कोणाला सांगायचं नाही हं," ती म्हणाली. मी म्हटलं, मी? मी कधी सांगितलंय का कोणाला काही? तर तेव्हा मात्र ती हसली.

मी घरी आले. कात्री घेऊन, म्हणजे चार झाल्या. आणि खुर्चीत बसले तेव्हा मला लख्ख कळलं, की मी काय करतेय. मी त्या पोरीला जिंकायला शिकवतेय. आणि ती जिंकली की माझं समोरचं दार बंद! मग माझ्या उतू जाणाऱ्या दुधाला "काकू, गॅस" कोण म्हणणार? तिथं येईल कोणीतरी भाडेकरू, दाराला पितळी भिंग लावून आतून बघणारा… अहो, बघण्याचं काम माझं आहे!

"अहो," मी म्हटलं, "एखाद्याला जिंकवायचं आणि त्यानं हरावंही असं वाटायचं, असं होतं का कधी?"

"निवडणुकीत होतं," हे म्हणाले आणि पेपर उलटला.

रोज दुपारी जाऊ लागले मी. तो झोपला, की तिची जेवणाची सुट्टी, की आमचा डाव. कॉम्बो हळूहळू लागायला लागला. पहिल्यांदा लागला ना, तेव्हा मला मरताना इतका आनंद झाला! डंख, शिट्टी, डंख, शिट्टी, मी प्राण मोजतेय, सात, सहा, पाच… आणि मी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या मरणाला! ती म्हणाली, "काकू, तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं हो. कोणता पत्ता आला ते मला समोरून कळतं." म्हटलं, "आता चेहऱ्याचं काय करणार, जन्मापासून हाच आहे."

पण प्रत्येक वेळी लागायचा नाही. एकदा लागला की दोनदा फसायचा. रविवार जवळ येत गेला तशी ती बोलायचीच बंद झाली. आणि तो! तो जिन्यात भेटला तर नुसता "बरं आहे ना, काकू?" पीठ झटकत वर. मी म्हटलं, "डेक बांधला का रे?" त्यानं असं बघितलं माझ्याकडे… आणि मला कळलं, अरे देवा, मला काही माहीत नसायला हवं होतं.

आता रविवारची सकाळ. ऐका, कारण इथंच सगळं झालं. तो पहाटे भट्टीवरून तिकडेच जाणार होता. ही माझ्या घरी आली, डेकची डबी माझ्या टेबलावर ठेवली, आणि म्हणाली, "काकू, स्कूटरची किल्ली विसरले, आणते." गेली. आणि मी बघितलं, डबी उघडी. आणि वरच्याच पत्त्याचं पाकीट… मळलेलं! म्हणजे किती हाताळलेलं, कडा पांढऱ्या पडलेल्या, बोटांचे डाग. मधमाशी होती ती. मी खालचे बघितले. शिट्टी, तसलीच. आरसे, तसलेच. बाकीचे तेवढे मळले नव्हते, कारण पुन्हा पुन्हा काढून बघितले जायचे ते हेच. आणि शेजारीच तिचं नवं पुडकं, कोरी निळी पाकिटं, तोच रंग, तोच आकार. आता तुम्ही मला सांगा, पोरगी एवढ्या मोठ्या परीक्षेला निघालीय, आणि तिनं असे कळकट पत्ते घेऊन बसायचं? पाहुण्यांपुढे आपण उशीचे अभ्रे बदलतो की नाही? मी पटापट बदलली. चार मधमाश्या, चार शिट्ट्या, चार आरसे. पुसून, नवं पाकीट घालून, कडा जुळवून, परत सगळ्यांत मिसळून. मनात म्हटलं, तिकडे गेल्यावर तिला कळेल, काकूंनी केलंय, बरं वाटेल बिचारीला.

बरं वाटेल!

स्कूटरवर मागे बसून गेले मी. फरशांच्या दुकानावरचा मोठा हॉल. आत टेबलंच टेबलं, आणि माणसं, लहान, मोठी, दाढीवाली, टाय लावलेली, आणि सगळी पत्ते पिसतायत. सगळ्या हॉलभर तीच फडफड. मी म्हटलं, म्हणजे ही सगळी कबुतरं इथली! भिंतीवर पडदा, त्यावर कोण कोणासमोर ते उमटणार. नियम सोपा, तीन डावांत दोन जिंकायचे, हरला की घरी. ती पडद्याकडे बघत उभी, मी तिचा हात धरलेला. आणि नावं उमटली.

तिच्यासमोर कोण? तोच. पहिल्याच फेरीत!

तो पलीकडून आला, खुर्ची ओढली, बसला. कोपराला पीठ. "बरं," तो म्हणाला. "बरं," ती म्हणाली. नवरा-बायको हो! मला वाटलं, आता याच्यापुढे काय ताण यायचा राहिला?

राहिला होता. काळा शर्ट घातलेली एक बाई आली, ती जज. "या टेबलाची तपासणी," म्हणाली, आणि दोघांचे डेक उचलून घेतले. तशी ती अधूनमधून कोणाचेही घेते म्हणे. तिनं हिचा डेक पालथा पसरला. सगळे निळे. मग मान तिरकी केली, उजेडात धरलं, बोट फिरवलं… आणि एकेक पत्ता बाजूला काढायला लागली. एक. दोन. तीन. पालथेच हं! असे बारा काढले आणि उलटे केले. चार मधमाश्या, चार शिट्ट्या, चार आरसे.

"बाकीची पाकिटं जुनी," जज म्हणाली, "आणि हीच नेमकी नवी. पाठीवरून ओळखू येतायत. डोळे मिटून बोटांनीही कळतील."

हॉल थांबला. खरं नसेल, पण मला तसं वाटलं. ती पांढरीफटक. "मी… मी नाही केलं हे."

आणि मी, तुम्हाला सांगते, मी! ज्या तोंडाला इतक्या वर्षांत कोणी थांबवू शकलं नाही, त्या तोंडातून शब्द फुटेना. मग फुटला तो एकदमच फुटला. "अहो बाई, मी बदलली, मळली होती हो, मला काय माहीत, मी आपली अभ्रे समजून—"

जज म्हणाली, "कोणी केलं याला महत्त्व नाही. फसवायचा हेतू दिसत नाही, म्हणून बाहेर काढत नाही. पण पहिला डाव गेला. सगळी पाकिटं बदला, दुसऱ्या डावापासून सुरू करा."

पहिला डाव गेला. न खेळता. आता एक जरी हरली तर संपलं.

मी खाली वाकले पाकिटं बदलायला, तर तिघंही एकदम, "नको!"

आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही. हळूच म्हणाली, "काकू… मुद्दाम?"

काय सांगू तुम्हाला! कारण तिला माहीत होतं ना, मला काय हवंय ते. माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, तीच म्हणाली होती. मी म्हटलं, "तुझी शपथ, नाही गं." पण मनात माझं मलाच वाटलं, नाही ना? खरंच नाही ना?

"राहू दे, काकू," ती म्हणाली. "तुम्ही इथंच थांबा. माझ्या मागे."

जज म्हणाली, "थांबा, पण एक शब्द बोलायचा नाही." मी ओठांवर हात ठेवला.

दुसरा डाव. त्याचे लांडगे धावले. तिचे विसाचे सोळा, अकरा, सहा. ती नुसती बसलेली, मार खातेय. तो एकेक पत्ता ठेवताना वर बघायचासुद्धा नाही. आणि मग तिनं आरसा ठेवला. मधमाशी ठेवली. शिट्टी वाजवली. डंख. शिट्टी. डंख. "एवढं चालेल?" ती म्हणाली, "की वीसपर्यंत करून दाखवू?" त्यानं हात वर केले. "माहीत आहे." एक-एक बरोबरी! शेजारच्या टेबलावरची माणसं उठून आमच्याकडे यायला लागली. मी ओठांवर हात तसाच दाबलेला, दात लागले हो हाताला!

तिसरा डाव. आणि आता तो शहाणा झाला. त्याच्याकडे एक कुलूप होतं, कुलपाचा पत्ता. तो वापरला की शिट्टी वाजतच नाही. पण कुलूप वापरायचं तर दोन दिवे शिल्लक ठेवावे लागतात. दिवे म्हणजे या खेळातला खर्चायचा जोर, दर टर्नला ठरावीकच पेटतात; मधमाशीला आणि शिट्टीला मात्र ते लागत नाहीत. म्हणून तो सगळा जोर लावायचाच नाही. दोन दिवे राखून ठेवायचा, थोडासाच चावायचा, आणि बघायचा. कुठं बघायचा माहीत आहे? माझ्याकडे!

मला नाही कळलं ते. मी आपली तिच्या मागे. तिनं सुरुवातीचे पत्ते छातीशी घट्ट धरलेले, ते काही मला दिसेनात. पण नवा पत्ता उचलला की कोपरा जरा उचलायची, तेवढा दिसायचा. मधमाशी आली. मी मनात म्हटलं, आली! आरसा आला. आला गं बाई! आता फक्त शिट्टी. फक्त शिट्टी. तिचे प्राण नऊ. टर्न गेला. सात. मी त्या गठ्ठ्याकडे अशी बघतेय की डोळ्यांनीच शिट्टी ओढून काढीन. चार. आता पुढच्या चाव्याला ती गेली. तिनं पत्ता उचलला, कोपरा वर केला.

छत्री.

छत्री! मी सांगितलं होतं काढ म्हणून! माझा चेहरा पडला म्हणजे किती पडला, मला माझ्या हनुवटीला जाणवला तो. त्यानं बघितलं. आणि त्याच्या खांद्यांतला ताण गेला, मी बघितलं, भट्टी विझवल्यावर उतरतो तसा. राखलेले दोन दिवे त्यानं खर्चून टाकले. आणखी दोन लांडगे बोलावले, वर आरोळीचा पत्ता, सगळे लांडगे दुप्पट, सगळे एकदम तिच्यावर. संपवायलाच.

तिनं छत्री उघडली.

सगळा मार छत्रीवरच अडला. आणि त्याच्यापुढे आता एकही दिवा पेटलेला नाही. कुलूप हातात आहे, आणि लावता येत नाही!

तिनं पुढचा पत्ता उचलायचा म्हणून उचलला, बघितलाही नाही. आरसा ठेवला. मधमाशी ठेवली. आणि शिट्टी. शिट्टी पहिल्यापासून तिच्या हातात होती! छातीशी!

डंख. शिट्टी. डंख. शिट्टी. वीस वेळा केलं तिनं यावेळी, पूर्ण, आणि तो एकेक प्राण कमी करत गेला, आणि शेवटच्या डंखाला तिचे डोळे भरलेले, आणि त्याचेही, आणि माझं तर विचारूच नका, माझा हात अजून तोंडावर.

"काकूंचा चेहरा बघून खेळलो मी," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच त्यांना मागे उभं केलं."

मी हात काढला. म्हटलं, "मुद्दाम?"

"मुद्दाम," ती म्हणाली, आणि हसली. अशी हसली, की मला कवळी लावावीशी वाटली.

म्हणजे बघा! त्यांनी जाऊ नये असं वाटणारी मी, आणि त्यांना घालवलं कोणी? माझ्याच तोंडानं! तेही बंद असताना!

तो पत्ते गोळा करत होता, सावकाश, कडा जुळवत. "ठीक आहे. ठरलं तर. जाऊ या. भट्टी भागीदाराला देतो." अवाक्षर काढायचं नाही असं ठरलं होतं ना, तसंच बोलला, पण पीठ लागलेला हात त्या टेबलावरून हलेना.

ती म्हणाली, "ठरवायचं मी ना? मग मी ठरवते. मी जाते. तू राहा. सोमवारी जाईन, शुक्रवारी येईन."

तो म्हणाला, "मग हे सगळं खेळलो कशाला? आधीच म्हणायचं होतंस!"

"आधी म्हटलं असतं, तर तू 'तू म्हणशील तसं' म्हणाला असतास. आणि हरले असते तर मी तेच म्हणाले असते."

जज म्हणाली, टेबल मोकळं करा, पुढची फेरी. पुढच्या फेरीत तिच्यासमोर कानाला यंत्र लावलेले एक आजोबा आले, आणि आमची मधमाशी डबीतून बाहेर येण्याआधीच तिला हरवून, "छान डेक आहे हं, बाळ," म्हणून निघून गेले. संपली टूर्नामेंट. तिघं एका स्कूटरवर येणार कशी, म्हणून तो पायी, आम्ही स्कूटरवर, आणि तिनं स्कूटर इतकी हळू चालवली की तोच आमच्या पुढे पोचला.

तर मला सांगा, लॉन्ड्रीवाल्याचं खरं ठरलं की खोटं? ती जिंकली, हे खरं. घर सोडलं, हेही खरं, पण दर सोमवारी सोडते आणि दर शुक्रवारी परत धरते. म्हणजे अर्धी बातमी, आणि तीही अर्धीच खरी! अशा बातमीसाठी मी जिना धावत चढले!

आणि आता आठवडाभर समोर तो एकटा. दुपारी झोपतो, उठतो, आणि आमच्या दारावर टकटक. "काकू, बसता का जरा? समोर कोणीतरी हवंय." बसते मी. मधमाशी घेऊन बसते, तिनं मला तिच्याच डेकसारखा एक बांधून दिलाय, पाकिटं सगळी एकाच दिवशी घातलेली. लांडगे मला फाडून खातात. शुक्रवारी ती येते, मग ती मला हरवते. आमचे हे म्हणतात, "खेळ, खेळ. तेवढा वेळ बोलायचं नसतं ना?"

बरं, परवाची गोष्ट. मी पिशवी घेऊन जिना चढत होते, तर वरून लॉन्ड्रीवाल्याचा आवाज. "…आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या काकू, या वयात रोज दुपारी पत्ते कुटायला समोरच्या घरात जातात म्हणे, आणि नवऱ्याला उपा—"

मला बघितलं आणि तोंड मिटलं.

आपल्याला काय करायचंय! पण मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "वाक्य पूर्ण कर रे बाबा. पत्त्यांचं खरं आहे. पण ह्यांचं जेवण मी झाकून ठेवून जाते."